काचा उत्तम, आकडे गायब : पाण्यावर ड्रोन उडवताना वापरलेला फिल्टर संच

‘आकडे पुसले जाणे ही कॉस्मेटिक बाब असल्याने वॉरंटीत बसत नाही.’ ड्रोनच्या कॅमेऱ्यावर लावायच्या फिल्टरांवरचे आकडे उडाले, त्या तक्रारीला विक्रेत्याचं हे उत्तर आलं म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर फिल्टरवर एवढं कोण लिहितं!

संच नेहमीचाच. एनडी (उजेड कमी करणारी गडद काच, आकडा मोठा तितका अंधार जास्त) ८, १६, ३२, ६४, एक साधा सीपीएल (चमक कापणारा, रिंग फिरवायचा पोलरायझर) आणि दोन एनडी-पीएल (दोन्ही एकाच काचेत). ड्रोन एफ/२.८ चा, ॲपर्चर म्हणजे भिंगाचं छिद्र बदलत नाही, तेव्हा उजेड मारायला काचच लावावी लागते. काचांबद्दल तक्रार नाही. ६४ वर किंचित तांबूस झाक येते, पण व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोवर न ठेवता ठरवून दिला की नंतर काढता येते. तक्रार आहे ती रिंगवरच्या आकड्यांची. पांढऱ्या रंगात नुसते छापलेले. घाम, खारा वारा आणि सनस्क्रीनची बोटं लागून पावसाळ्याआधीच पार उडाले. आता गोव्यात मोरजीच्या वाळूत उकिडवं बसायचं, काच उन्हाकडे धरायची आणि ही सोळाची की बत्तिसाची ते ताडायचं. दोन्ही शेजारी धरल्या तर कळतं, एकटी हातात आली की नाही. एवढे पैसे मोजून आकडा कोरून मिळू नये? आईच्या स्टीलच्या डब्यांवर कोरलेलं नाव अजून स्वच्छ वाचता येतं. शेवटी बायकोच्या नेलपॉलिशने कडेवर ठिपके दिले : आठाला एक, सोळाला दोन, असे चढत्या क्रमाने. सोळाचा एक ठिपका परवा उडाला, म्हणजे आता आठाचे फिल्टर दोन झाले.

असो. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर घेत असाल तर शटर १/५० सेकंदाच्या आसपास हवं, नाहीतर लाटा तुटक दिसतात. भर दुपारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ/२.८ वर शटर १/३२०० पर्यंत पळतं. ते १/५० वर आणायचं तर सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कापावे लागतात, म्हणजे ६४. ऊन कलतं झालं की ३२, मग १६. आठाचा माझ्याकडे फारसा निघालाच नाही. फोटोंसाठी मात्र एनडीच्या वाटेला जाऊ नका. फुटणारी लाट गोठवायला वेगवान शटरच लागतं.

सीपीएलबद्दलचं मत मधेच बदललं. सुरुवातीचे महिने तो डबीतच होता. मला कॅमेरा सरळ खाली करून होड्या, जाळी टिपायला आवडतं आणि तिथे पोलरायझर लावून काही फरक पडत नाही. पोलरायझर कापतो तो ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंपणारा प्रकाश, आणि पाण्यावरून सरळ वर परतणारा प्रकाश तसा नसतो. चमक सर्वांत जास्त कापली जाते ती लंबापासून (पाण्यावरच्या उभ्या रेषेपासून) साधारण ५३ अंशांवर, म्हणजे गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा सांधा) क्षितिजाखाली ३५-४० अंश झुकवल्यावर. डिसेंबरात काणकोणात ओहोटीला तसा झुकवला, तर पाण्याखालचे कातळ कंगोऱ्यांसकट दिसायला लागले. पैसे तिथे वसूल. हवेत रिंग फिरवता येत नाही, हा आक्षेप पाण्यापुरता खोटा आहे. पाणी आडवं, गिंबल क्षितिज सरळ धरतो, त्यामुळे ड्रोन कुठेही वळवला तरी एकदा बसवलेली रिंग चालते. उडवण्याआधी गाडीच्या बॉनेटवरची चमक बघत फिरवा, सर्वांत कमी दिसेल तिथे सोडा. आकाशाचं गणित वेगळं. सूर्याशी काटकोनात ते गडद होतं, ड्रोन वळला की फिकटतं. म्हणून पॅनोरमाला सीपीएल काढाच.

पण दर वेळी चमक काढावीशी वाटेलच असं नाही. ऑगस्टात पावसाने उघडीप दिल्यावर मांडवी नदीवर सीपीएल लावला, तर आभाळाचं प्रतिबिंब गेलं आणि उरला गढूळ चॉकलेटी चिखल. दिवाडी बेटावरच्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) भरलेलं पाणी आणि मानशीचा (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराचा) बांध घ्यायचा असेल तर आभाळाचं प्रतिबिंब हाच फोटो. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो. त्या सोनेरी पट्ट्यावर पोलरायझर लावणं म्हणजे पदरचे पैसे घालून रंग घालवणं.

एनडी-पीएल यामुळेच डोक्यात जातात. चमक हवी आणि अंधारही हवा, अशा वेळी हात बांधले जातात. शिवाय माझ्याकडचा १६ पीएल पोलरायझरचा स्टॉप-सव्वा स्टॉप धरून जवळजवळ ३२ इतका अंधार करतो. दोन्ही कुणाला हवे असतील तर अर्ध्या किमतीत देईन, ठिपके फुकट.

(परवानगीवर वाद घालत नाही. दाबोळीला नौदलाचा तळ, पेडण्यात मोपा विमानतळ; ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोन कुठे उडवता येतो त्याचा नकाशा बघितल्याशिवाय उडवू नका.)

किनाऱ्यावरून आलं की फिल्टर कोरड्या फडक्याने पुसायचा नाही, मिठाचे कण कोटिंगवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअर, मग डिस्टिल्ड वॉटरचा थेंब, मग मायक्रोफायबर. काढता-घालताना ड्रोन बंद आणि गिंबलला बोटाचा आधार. सीपीएलच्या फिरत्या रिंगेत रेती गेली की ती करकरते. तेल घालू नका, काचेवर पसरतं. माझी करकरतेय, पण फिरतेय.