प्लिकर्स: लायब्ररीच्या तासाला वापरून बघितलेलं, पोरांच्या हातात फोन न देता

सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी ग्रंथपाल आहे आणि हे मुद्दाम ग्रंथपालांसाठी लिहितेय, कारण वर्गात वापरायच्या अॅपची माहिती शिक्षकांसाठी ढिगानं मिळते, आपल्यासाठी कुणी लिहीत नाही. ट्रेनिंगला गेलं तरी सगळं विषयशिक्षकांना धरून, धडा कसा दाखवायचा, चाचणी कशी घ्यायची, आणि लायब्ररीच्या तासाला याचं काय करायचं विचारलं की उत्तर नाही. मग सुट्टीत बसून माझं मीच शिकले. त्यातलं रोजच्या कामात टिकलं ते प्लिकर्स, म्हणजे वर्गात झटपट प्रश्न विचारून सगळ्यांची उत्तरं गोळा करायचं अॅप.

आहे काय, तर कागदी कार्डं. साइटवर पीडीएफ फुकट मिळते, प्रिंट काढायची. प्रत्येक कार्डावर काळी चौकोनी नक्षी, एकीसारखी दुसरी नाही, आणि चार कडांना अगदी बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. पोराला जे उत्तर वाटतं ते अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं, आपण अॅप उघडून फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की कुणी काय उत्तर दिलं ते नावासकट फोनवर. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला तर प्रश्न भिंतीवर दिसतो. अख्ख्या वर्गात फोन एकच, तो पण बाईंचा. शेजारच्याचं कार्ड बघून काही कळत नाही त्यामुळं कॉपी नाही, आणि जी मुलगी वर्षभर हात वर करत नाही तीसुद्धा प्रत्येक प्रश्नाला उत्तर देते, मला सगळ्यात जास्त हेच आवडलं.

कहूट हे प्रश्नमंजुषेचं अॅपपण शिकले होते, नॉर्वेचं आहे, 2013 पासूनचं, पोरं त्यात रंगतात हे खरं. पण तिथं प्रत्येकाला नाहीतर गटाला एक तरी स्क्रीन लागते आणि नेहमीच्या खेळात जो लवकर दाबेल त्याला जास्त गुण. सावकाश वाचणारं पोर मागं पडतं, आणि लायब्ररीत मला ते नकोय.

आता आपल्या कामाचं सांगते. मी गोष्टींवर प्रश्न कमी घेते, माहिती कुठं शोधायची यावर जास्त. म्हणजे असं, ‘कृष्णा नदीबद्दल सविस्तर माहिती हवीय, आधी काय उघडाल?’ पर्याय शब्दकोश, विश्वकोश, नकाशासंग्रह, कालचं वर्तमानपत्र. आठवीच्या वर्गात शब्दकोशाला इतकी कार्डं वर आली की मला कळलं, पोरांच्या डोक्यात शब्दकोश आणि विश्वकोश एकच आहेत. तोंडी विचारलं असतं तर पुढच्या बाकावरच्या दोघांनी बरोबर सांगितलं असतं आणि मी पुढं गेले असते. मग पुढचा तास त्यावरच घेतला, दोन्ही टेबलावर ठेवले, एकच शब्द दोन्हीकडं काढायला लावला. आणि विश्वकोशाचं काम आपल्या वाईतून चालतं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक, हे आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना माहीत पाहिजे की नको? आता हा प्रश्न माझ्या संचात कायमचा आहे.

दुसरा उपयोग मांडणीचा. पुस्तकांच्या पाठीचा फोटो टाकायचा आणि 891.46 या वर्गांकाचं, म्हणजे मराठी साहित्याचं पुस्तक, यातल्या कुठल्या जागी जाईल ते विचारायचं. प्रश्नात फोटो घालता येतो आणि देवनागरी टाइप केलेलं नीट दिसतं.

गोष्टीसाठी याच्या जोडीला स्टोरीवीव्हर ही मुलांच्या गोष्टींची साइट घ्या. प्रथम बुक्सनं 2015 मध्ये सुरू केलंय, मराठी गोष्टी आहेत, वाचनाच्या चार पातळ्या आहेत, आणि परवाना खुला असल्यामुळं श्रेय देऊन प्रिंट काढून वाटलं तरी चालतं. आधी गोष्ट भिंतीवर वाचायची, मग कार्डं, की पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास भरून जातो.

त्रासाच्या गोष्टी. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन अजिबात करू नका, उजेड चमकतो आणि कॅमेरा नक्षी वाचत नाही. जाड कागदावर प्रिंट काढा नाहीतर पुठ्ठ्यावर चिकटवा. नक्षीवर बोटं आली तरी वाचत नाही, त्यामुळं कडेला धरायची सवय पहिल्या तासालाच लावायची. खिडकीकडं पाठ करून बसलेली रांग नीट येत नसेल तर पडदा ओढा किंवा आपण जागा बदला. अॅप इंग्रजीत आहे, पण बटणं थोडीच, दोनतीनदा केलं की हात बसतो. फुकटच्या खात्यात एका संचात मोजकेच प्रश्न बसतात, त्याहून जास्त हवे तर वर्गणी. मी नाही भरली, लायब्ररीच्या तासाला चारपाच प्रश्न पुष्कळ झाले. आणि नेट लागतं, हीच मोठी अडचण. आमच्याकडं दुपारी रेंज जाते म्हणून मी हे तास सकाळच्या सत्रात मागून घेतलेत.

पाचपैकी चार. एक मार्क नेटमुळं कापला.

अर्धवेळ ग्रंथपालांना खास सांगते, एकदा कार्डं काढून ठेवली की तोच संच सगळ्या वर्गांना चालतो, कार्डाचा नंबर म्हणजे हजेरी नंबर ठेवायचा. फक्त यादीत पोरांची पूर्ण नावं आणि आडनावं घालत बसू नका, पहिलं नाव किंवा नुसता नंबर पुरे. कुणाला माझे मराठी प्रश्न हवे असतील तर सांगा, पाठवते.