हान्यू गेल्यावर काय पाहावे : स्पर्धा की शो?

जपानचा फिगर स्केटर, म्हणजे बर्फावर संगीताच्या साथीने उड्या आणि नृत्य करणारा खेळाडू, युझुरू हान्यू याने १९ जुलै २०२२ रोजी टोकियोत पत्रकार परिषद घेऊन स्पर्धांचा निरोप घेतला आणि आमच्या घरात दोन तट पडले. माझी भाची त्याच्या मागोमाग शोकडे, म्हणजे गुण आणि परीक्षक नसलेल्या बर्फावरच्या कार्यक्रमांकडे, वळली. मी मात्र, काहीसा सवयीने आणि काहीसा हट्टाने, स्पर्धांपाशीच थांबलो. त्यानंतर आम्ही दोघांनी एकमेकांच्या बाजूचेही बरेच काही पाहिले, त्यासाठी झोपमोड केली आणि पैसेही घालवले. त्यामुळे आता ओळखीतले कोणी विचारते की हान्यू नाही, बीजिंग ऑलिंपिकच्या सुवर्णपदकानंतर नेथन चेनही दिसत नाही, शोमा उनोने २०२४ च्या मे महिन्यात निवृत्ती घेतली, मग आता पाहायचे तरी काय, तेव्हा मला थोडेफार सांगण्यासारखे असते. लुट्झ आणि ॲक्सेल या उड्यांतला फरक ज्यांना ठाऊक आहे आणि शॉर्ट व फ्री या स्पर्धेतल्या छोट्या व लांब फेऱ्यांचा हिशेब ज्यांना समजावून द्यावा लागत नाही, अशांसाठीच हे लिहीत आहे.

मराठी प्रेक्षकाला हा पेच तसा परका नाही. एकांकिका स्पर्धा गाजवणारा नट व्यावसायिक रंगभूमीवर गेला की त्याच्या मागे तिकीट काढून जायचे, की पुढच्या वर्षीच्या प्राथमिक फेरीला जाऊन आणखी कोण उभे राहते आहे ते पाहायचे, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी सोडवलेला असतो. फरक इतकाच की इथे रंगमंच बर्फाचा आहे आणि तो आपल्यापासून काही हजार किलोमीटर दूर आहे.

शोची बाजू आधी मांडतो, कारण ती दुबळी मुळीच नाही. बीजिंगमध्ये ८ फेब्रुवारी २०२२ रोजी हान्यूच्या शॉर्ट प्रोग्रॅमची पहिलीच उडी, क्वाड (चार गिरक्यांची) साल्काव, फुटली, म्हणजे गिरक्या पुऱ्या झाल्याच नाहीत. दुसऱ्या कुणाच्या तरी पात्याने बर्फात पडलेल्या खड्ड्यात त्याचे पाते गेले होते. लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेला माणूस त्या एका खड्ड्यामुळे आठव्या क्रमांकावर घसरला. दोन दिवसांनी फ्रीमध्ये क्वाड ॲक्सेलचा प्रयत्न करून तो पडला आणि शेवटी चौथा आला. वर्षभरानंतर, २६ फेब्रुवारी २०२३ रोजी, टोकियो डोममध्ये सुमारे ३५,००० प्रेक्षकांसमोर त्याने 'गिफ्ट' हा एकट्याचा शो केला आणि त्यात स्पर्धेप्रमाणेच सहा मिनिटांचा सराव करून तोच शॉर्ट प्रोग्रॅम पुन्हा सादर केला. साल्काव या वेळी नीट उतरली. त्या क्षणी भाचीच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि माझाही आवाज ठिकाणावर नव्हता, हे मान्य करायला हवे. चार मिनिटांत सात उड्या बसवण्याचे बंधन नाही, परीक्षकांची रांग नाही आणि एकच माणूस दोन तासांहून अधिक वेळ बर्फावर आहे, हा अनुभव स्पर्धा देऊ शकत नाही. जपानमधल्या 'फँटसी ऑन आइस'सारख्या शोमध्ये गायक प्रत्यक्ष गातात आणि स्केटर त्यांच्या सुरावर चालतात, हेही स्पर्धेत मिळत नाही. ज्यांचे या खेळाशी नाते मुळात एका माणसामुळे जुळले आहे, त्यांनी त्या माणसामागे जावे. त्यांना अडवण्याचा माझा विचार नाही.

सोयीच्या बाबतीत दोन्ही बाजू जवळपास सारख्याच पडतात, म्हणून तो भाग लवकर आटोपतो. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्यामुळे तिथला संध्याकाळचा शो मुंबईत दुपारच्या जेवणानंतर पाहता येतो, तर अमेरिका खंडातल्या स्पर्धांसाठी पहाटेचा गजर लावावा लागतो. पैशांचे म्हणाल तर ज्युनियर ग्रां प्री ही किशोरवयीन स्केटरांची स्पर्धामालिका यूट्यूबवर फुकट दिसते. शोसाठी बहुधा पैसे मोजावे लागतात, आणि पैसे मोजायची तयारी असली तरी ते स्वीकारले जातीलच असे नाही. एकदा एका विक्रेत्या संकेतस्थळाने माझे कार्ड तीनदा नाकारले आणि चौथ्या प्रयत्नात पत्त्याच्या रकान्यात जपानी पिनकोड मागितला. मुलुंडचा पिनकोड त्याला मानवला नाही. परंतु एवढ्यावरून मी निर्णय घेतला असता तर तो रागाचा निर्णय झाला असता.

माझा निर्णय ज्यामुळे झाला ती गोष्ट कुणाला क्षुल्लक वाटेल. शोमध्ये मला पाय दिसत नाहीत.

मे महिन्यातली दुपार होती, पडदे ओढलेले होते, लॅपटॉप टीव्हीला जोडला होता आणि एका शोचे प्रक्षेपण चालू होते. निळसर-जांभळ्या प्रकाशझोतात एक स्केटर लांब वळण घेत मागे मागे गेला, त्याने टो-पिक (पात्याच्या टोकाचे दाते) बर्फात रोवला, उडी मारली आणि सुरेख उतरला. भाचीने विचारले, "मामा, ही लुट्झ होती की फ्लिप?" मी चित्रफीत मागे नेली, पुन्हा पाहिली, टीव्हीपासून हातभर अंतरावर जाऊन पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरचा घाम दिसत होता, सदऱ्यावरचे खडे मोजता आले असते, पण घोट्याखाली त्याच्याच सावलीचा काळा गोळा होता आणि त्याच्या भोवती बर्फावर सोडलेली फुलांची चित्रे फिरत होती. "सांगता येत नाही," असे मी म्हणालो. इतकी वर्षे हा खेळ पाहिल्यानंतर असे म्हणावे लागल्याची मला थोडी लाज वाटली.

यात एवढे बिघडले काय, असे कुणीही विचारील. स्केटचे पाते सुरीसारखे एकाच धारेचे नसते. त्याच्या मधोमध पन्हळ असते आणि तिच्या दोन बाजूंना आतली व बाहेरची अशा दोन धारा असतात. लहानपणी मुंबईजवळच्या एका करमणूक उद्यानातल्या बर्फाच्या रिंकवर भाड्याचे स्केट घालून मी तासभर पडत होतो आणि त्या तासात एकदाच, चुकून, माझा पाय बाहेरच्या धारेवर झुकला. काहीही न करता मी एका मोठ्या वळणावर आपोआप वाहत गेलो आणि कठड्यावर आपटलो. कोपर आठवडाभर काळेनिळे होते, पण ते वळण अजून पायात आहे. लुट्झ आणि फ्लिप यांच्यातला सगळा फरक याच झुकण्यात आहे: लुट्झ बाहेरच्या धारेवरून, म्हणजे शरीर ज्या बाजूला वाहत चालले आहे तिच्या उलट फिरून घ्यायची असते, आणि म्हणूनच ती अवघड आहे. पुष्कळ जण अगदी अखेरच्या क्षणी घोटा आत पाडतात आणि लुट्झच्या नावाखाली फ्लिप खपवतात. स्पर्धेत तांत्रिक पॅनेल त्याला चुकीच्या धारेची खूण लावते. स्पर्धेतला पांढरा, सपाट, बेरंग उजेड दिसायला कितीही रुक्ष असला तरी ती धार घरबसल्या आपल्यालाही पाहता येते, कधी कधी तर पात्याने बर्फावर कोरलेली रेघही दिसते. कथकच्या कार्यक्रमात तत्कार ऐन रंगात आला असताना कुणी पायांवरचा दिवा काढून चेहऱ्यावर टाकला तर पुढच्या रांगेतले जाणकार कसे चुळबुळतील, तसे मला शो पाहताना होते.

भाचीचे म्हणणे निराळे आहे. "मामा, तू पायच का बघतोस? हात बघ ना त्याचे," असे ती म्हणते, आणि हान्यूच्या बाबतीत तरी तिचे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे. सगळेच शो अंधारात बुडालेले असतात असेही मी म्हणणार नाही. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक होते, इतकेच.

स्पर्धेची बाजू घेतो म्हणून तिच्यातल्या खोडी झाकणे योग्य नव्हे. सर्वांत मोठी खोड पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली ती चौकट. प्रत्येक उडीनंतर तिथे दिवा लागतो. तो पिवळा झाला की उडी पुन्हा तपासली जाणार, आणि स्केटर समोर जीव ओतून पावले टाकत असताना आपले डोळे मात्र त्या पिवळ्या ठिपक्यावर खिळलेले. मी हल्ली कोपऱ्यावर एक चिकटचिठ्ठी लावतो, हा उपाय हास्यास्पद असला तरी गुणकारी आहे. दुसरे म्हणजे स्पर्धकांची फळी पातळ झाल्याची भावना. मार्च २०२२ पासून रशियन स्केटर आंतरराष्ट्रीय स्पर्धांबाहेर गेले, त्यामागची कारणे काहीही असोत, महिलांच्या गटातली रांग त्यामुळे एकाएकी बदलली. शिवाय वरिष्ठ गटासाठीची किमान वयोमर्यादा १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेण्यात आली. हा बदल मला तरी हिताचा वाटतो. पंधरा वर्षांच्या मुलींचे क्वाड पाहताना जी धास्ती वाटायची ती आता वाटत नाही. पण नावे ओळखीची होईपर्यंत एक-दोन हंगाम धीर धरावा लागतो, हे खरे.

आता माँट्रियलचे सांगतो, कारण माझ्या मनातला तराजू नेमका तिथे कलला. २०२४ च्या जागतिक स्पर्धेतला पुरुषांचा फ्री आपल्याकडे रविवारी, २४ मार्चच्या सकाळी संपला. त्या दिवशी होळी होती आणि स्वयंपाकघरात पुरणाची डाळ शिजायला टाकलेली होती. इल्या मालिनिनने सहा क्वाड मारले, त्यांत ती ॲक्सेलही होती, जी बीजिंगमध्ये हान्यूला पुरी करता आली नव्हती आणि जी याच मालिनिनने सप्टेंबर २०२२ मध्ये लेक प्लॅसिडला स्पर्धेत सर्वप्रथम उतरवून दाखवली होती. फ्रीचे २२७.७९ गुण हा त्या वेळी विक्रम ठरला. पण मला त्या सकाळचा चटका लागला तो दुसऱ्याच माणसापायी. फ्रान्सचा ॲडम सिआव हिम फा शॉर्टनंतर एकोणिसावा होता, म्हणजे फ्रीमध्ये तो पार आरंभीच्या गटात उतरला. त्याने मागची कोलांटी मारली, जिला तेव्हा बंदी होती आणि जिचे दोन गुण कापले जात, आणि तरीही त्याच्या पुढे कुणी जाता जाईना. एकामागून एक गट बर्फावर येऊन गेले. अखेरीस मालिनिन आणि युमा कागियामा एवढे दोघेच त्याच्या वर राहिले आणि तो ब्राँझ घेऊन गेला. शोमा उनो, शॉर्टमधला पहिला, चौथ्या स्थानावर उतरला, आणि दोनच महिन्यांत निवृत्त झाला.

सिआव हिम फाचे यातले मी काय पाहिले? काहीच नाही. गजर मी शेवटच्या गटासाठी लावला होता, कारण मोठी नावे तिथेच असतात असा माझा समज होता. शोमध्ये ही चूक होऊच शकत नाही, तिथे मोठे नाव कधी येणार हे तिकिटावर छापलेले असते. पण ती कोलांटी नंतर चित्रफितीत पाहताना माझ्या लक्षात आले की शोमध्ये कोलांटी म्हणजे टाळ्या आणि इथे ती म्हणजे दोन गुण; तो ते जाणून बर्फावर उतरला होता. पुढच्या हंगामापासून बंदी उठली. कोलांटी आता सर्रास दिसते आणि मला ती तितकीशी हलवत नाही.

तेव्हा निवड करायचीच असेल तर माझा सल्ला, तो सल्ला म्हणण्याइतका ठाम असेल तर, असा आहे. तुमचे प्रेम एखाद्या स्केटरवर असेल, वेशभूषा आणि संगीत तुम्हाला उडीइतकेच महत्त्वाचे वाटत असेल, आणि कुणी पडलेले तुम्हाला पाहवत नसेल, तर शो घ्या; हान्यूपासून सुरुवात केलीत तर निराशा होणार नाही. पण शोच हवा म्हणून स्पर्धा सोडायची गरज नाही, कारण मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी बहुधा गाला, म्हणजे गुणांविना होणारा शो, असतोच, प्रकाशझोतासकट. बाकीच्यांनी माझ्या मते एक हंगाम स्पर्धेला द्यावा, आणि तोही शेवटच्या गटापुरता नव्हे. सुरुवात ज्युनियर ग्रां प्रीपासून करावी. रिकाम्या बाकांसमोर, पांढऱ्या उजेडात, कुणाच्याही ओळखीची नसलेली मुले लुट्झ घेतात, आणि त्यांची धार आत पडते की नाही हे तुम्हाला कुणी न सांगता कळू लागते. निघून गेलेले परत येतातही, हेही ध्यानात असू द्यावे: अमेरिकेच्या अलिसा ल्यूने २०२२ मध्ये सोळाव्या वर्षी खेळ सोडला, २०२४ मध्ये ती परतली आणि मार्च २०२५ मध्ये बॉस्टनला जगज्जेती झाली.

भाची अजून शोच पाहते आणि मी तिच्या शेजारी बसतो. तिकिटाचे पैसे आम्ही निम्मे निम्मे देतो. दिवे मंद होऊन प्रकाशझोत फिरू लागला की मी चहा ठेवायला उठतो, आणि ती आतून ओरडून सांगते की मामा, ये लवकर, या गाण्याला सगळे दिवे लावलेत.