सागवानी ड्रॉवरच्या डव्हटेलसाठी दोझुकी करवत: घ्या, पण दाते बघून

पलंगाशेजारच्या छोट्या टेबलाचे ड्रॉवर हाताने डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारखे भाग एकमेकांत अडकवून केलेला सांधा) करणार असाल, तर दोझुकी ही जपानी करवत घ्याच. आपली नेहमीची करवत ढकलताना कापते, म्हणून तिचं पातं जाड ठेवावं लागतं. दोझुकी ओढताना कापते. ताणलेलं पातं वाकत नाही, वर पाठीला पट्टीचा आधार असतो, त्यामुळे २४० मिमी लांबीचं पातं जेमतेम ०.३ मिमी जाडीचं असूनही सरळ जातं. रेघेला लागून कापता येतं आणि पटाशीचं काम निम्म्याने कमी होतं.

चूक होते ती दात्यांच्या निवडीत. सहज मिळते ती बारीक दात्यांची, आडव्या कापाची. डव्हटेलचे बहुतेक काप मात्र उभे, लाकडाच्या रेषांच्या दिशेने जाणारे. बारीक दात्यांत भुसा अडकतो, हात जोर लावतो आणि काप तिरका होतो. उभ्या कापाचे मोठे दाते मागा.

१२ मिमीच्या बाजू आणि २० मिमीचं दर्शनी फळकुट असेल, तर सागाला शेपटीच्या कडांचा १:८ उतार (८ मिमीला १ मिमी तिरका) पुरे. आखणी पेन्सिलीने नको, धारदार सुरीने करा. ओढताना आपल्याकडच्या पृष्ठभागावर छिलके उठतात, सुरीची रेघ ते थांबवते. भुसाही रेघेवर येऊन बसतो, फुंकत राहा. तळाच्या प्लायची खाच सर्वांत खालच्या शेपटीतून (बाजूच्या फळीवरचा, टोकाकडे रुंद होणारा भाग) न्या. ती खालच्या पिनेतून (दर्शनी फळकुटावरचा, शेपट्यांलगत बसणारा भाग) गेली, तर जोडल्यावर बाजूने भोक दिसतं.

कमकुवत बाजू दोन. दाते इतके कडक केलेले असतात की कानशीने धार लावता येत नाही, पातंच बदलावं लागतं. सागातल्या सिलिकामुळे ते लवकर बोथटतं, म्हणून बदलीचं पातं सोबतच घ्या. दुसरी म्हणजे नाजूकपणा. जुन्या वाड्याचं सागवान वापरत असाल, तर आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, एका खिळ्यात दाते तुटतात. सवयीने ढकलली, तरी पात्याला कायमची घडी पडते.

आणि ड्रॉवर उन्हाळ्यात बसवत असाल, तर १०० मिमी उंचीच्या बाजूंवर दीड मिमी मोकळीक ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, एवढी लागतेच, डव्हटेल कितीही चोख असो.