जुन्या डेस्कटॉपमध्ये नवी हार्ड डिस्क : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर सॅटा-२ पोर्ट (डिस्क जोडण्याच्या सॅटा खाचांची जुनी पिढी; सॅटा-३ ही त्यापुढची) आहेत आणि बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली, यूईएफआय या नव्या प्रणालीच्या आधीच्या पिढीतले आहे. त्यातली ५०० जीबीची मूळ डिस्क खडखडू लागली आणि स्मार्ट नोंदींत (डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या) खराब सेक्टरांचा, म्हणजे साठवणीच्या लहान कप्प्यांचा, आकडा वाढत चालला, तेव्हा मी तिच्या जागी २ टीबीची, ३.५ इंची, सॅटा-३ डिस्क बसवली. त्याला आता आठ महिने झाले.

खरेदीपूर्वी सर्वांत जास्त धास्ती सॅटा-३ या शब्दाचीच होती आणि ती निराधार ठरली. सॅटा-२ आणि सॅटा-३ यांची जोडणी सारखीच असते व डिस्क आणि पोर्ट दोघांनाही झेपेल तो वेग आपसांत ठरवून घेतात. सॅटा-२ ची मर्यादा सेकंदाला ३०० एमबीची आहे, तर माझी डिस्क १८० एमबीपलीकडे जात नाही आणि भरत जाईल तशी आणखी मंदावते, त्यामुळे जुन्या पोर्टमुळे माझे काहीच अडलेले नाही.

खरी मर्यादा क्षमतेची होती. डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत ते नोंदवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत सेक्टरांचे क्रमांक ३२ बिटांत लिहिले जातात, त्यामुळे ५१२ बाइटच्या सेक्टरांनी तिची झेप सुमारे २.२ लाख कोटी बाइटपर्यंतच जाते आणि २ टीबीची डिस्क त्यात जेमतेम बसते. ४ टीबीच्या डिस्कला जीपीटी ही नवी नोंदपद्धत लागली असती, पण जुन्या बायोसवर विंडोज जीपीटी डिस्कवरून सुरू होत नाही. तशी डिस्क केवळ साठवणीसाठी, दुसरी म्हणून लावता येते.

जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर उतरवणे ही मात्र माझी चूक होती. विंडोज एक्सपीच्या काळातले ते पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) ६३व्या सेक्टरपासून सुरू होत होते, तर नव्या डिस्कचे प्रत्यक्ष सेक्टर ४,०९६ बाइटचे असल्यामुळे प्रत्येक लहानसहान लेखनात दोन सेक्टरांना हात लावावा लागे. २०४८व्या सेक्टरपासून नवे पार्टिशन करून विंडोज पुन्हा बसवल्यावर तो रेंगाळलेपणा गेला.

तिसऱ्या महिन्यात संगणक मधूनच काही सेकंद गोठू लागला. डिस्कच सदोष आहे असे मानून मी ती परत करण्याच्या बेतात होतो, परंतु स्मार्टमध्ये खराब सेक्टर शून्य होते आणि केवळ सीआरसी त्रुटींचा, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या प्रवासात बिघडलेल्या माहितीचा, आकडा वाढत होता. याचा अर्थ बिघाड डिस्कमध्ये नसून वाटेत होता. सॅटा केबल बदलली आणि तो आकडा जागीच थांबला. (तो शून्यावर परत येत नाही, हे पाहून मी पुन्हा एकदा उगाचच घाबरलो होतो.)

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ही डिस्क एसएमआर प्रकारची, म्हणजे कौलांप्रमाणे एकमेकांवर चढवलेल्या मार्गिकांची आहे, हे वेष्टणावर कुठेही लिहिलेले नव्हते. मॉडेल क्रमांकाचे तांत्रिक पत्रक शोधल्यावर ते कळले. रोजच्या कामात फरक जाणवत नाही, पण छायाचित्रांचा मोठा संग्रह एका दमात उतरवताना सुरुवातीचा वेग टिकत नाही आणि पुढे तो सेकंदाला २०-३० एमबीवर घसरतो. संग्रहासाठी मी ते चालवून घेतो. विंडोजसाठी मात्र पुन्हा निवड करायची झाली तर मार्गिका एकमेकांवर न चढवलेली सीएमआर डिस्कच घेईन, मग ती १ टीबीचीच का असेना.