756 रुपये वाचवायला गेले आणि दहा वर्षांचं काम गमावलं

बनावट एसएसडीच्या (कॉम्प्युटरमधल्या वेगवान डिस्कच्या) नावाखाली माझी 7,250 रुपयांची फसवणूक झाली. पैशाचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त संताप याचा, की प्रत्येक वेळी पैसे मी माझ्या हाताने दिले आणि वर दुकानाकडून डिस्क बसवायला येणाऱ्या मुलाला चहा-पोहे केले. घरी सांगायला लाज वाटत होती म्हणून महिनाभर गप्प होते. आता लिहिते आहे, कारण ओळखीतल्या एका बाईंनी परवा सहज विचारलं, "ते एसएसडी टाकून देतात ना स्वस्तात, कुठे मिळेल?"

मी डोंबिवलीत घरातून डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, छोट्या प्रकाशकांची पुस्तकं आणि दरवर्षी एक दिवाळी अंक. कॉम्प्युटर 2014 चा, 500 जीबीची जुनी हार्डडिस्क. चालू व्हायलाच पाच-सहा मिनिटं घ्यायचा. सगळे म्हणाले, एसएसडी टाका, कॉम्प्युटर नवा होईल. हे खरंच आहे, चांगली एसएसडी टाकली तर होतो. म्हणून 24 ऑगस्ट 2024 ला, शनिवारी, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर गेले. तिथे वर्षानुवर्षं सचोटीने धंदा करणारे दुकानदार आहेत, हे आधी सांगते. मला भेटला तो त्यातला नव्हता.

दोन दुकानांत 1 टीबीचे 6,100 आणि 6,350 सांगितले. तिसऱ्याने सांगितले 4,200. नामांकित कंपनीचा बॉक्स, वर सील, तीन वर्षांची वॉरंटी छापलेली. मी विचारलं, एवढं स्वस्त कसं? तर म्हणाला, "मॅडम, लॉटचा माल आहे, आपण मार्जिन ठेवत नाही."

मी पक्कं बिल मागितलं. मागितलं होतं, हे मला लिहायचंच आहे, कारण नंतर प्रत्येकाने मला "बिल का नाही घेतलं?" असं विचारलं. तो म्हणाला, "जीएसटी बिल पाहिजे तर 18 टक्के वर लागतील. 756 रुपये. वॉरंटी काय, मी बसलोय ना इथे." मी काउंटरवर उभी राहून मनात हिशेब केला. 756 रुपये म्हणजे माझ्या दोन पत्रिकांचं काम. म्हटलं, राहू दे. त्याने वहीतला कागद फाडून त्यावर "1TB SSD 4200" असं पेनने लिहून दिलं. दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही, सिरियल नंबर नाही. यूपीआयने पैसे पाठवताना स्क्रीनवर दुकानाचं नाव यायला हवं होतं, तिथे भलत्याच एका माणसाचं नाव आलं. ते मी वाचलं. वाचूनही पिन टाकला.

तो क्षण मी रात्री-अपरात्री उठून आठवते. सगळं तिथेच समोर होतं. दोन हजारांनी कमी भाव, बिलाला टाळाटाळ, परक्याच्या खात्यात पैसे. यातली एकच गोष्ट असती तरी मी मागे वळायला हवं होतं, आणि इथे तिन्ही एकत्र होत्या. माणूस नीट बोलतो, मॅडम म्हणतो, पाणी विचारतो, म्हणून आपण गप्प बसतो.

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडचा मुलगा घरी आला. बसवायचे आणि जुन्या डिस्कवरचा सी ड्राइव्ह नवीनवर उतरवायचे 500. त्याने क्रिस्टलडिस्कमार्क नावाचं सॉफ्टवेअर माझ्यासमोर चालवलं. वाचण्याचा वेग सेकंदाला 487 एमबी, लिहिण्याचा 410. "बघा काकू, सॅटाला 550 च्या वर जातच नाही, एकदम ओरिजिनल आहे." (सॅटा म्हणजे डिस्क कॉम्प्युटरला जोडायची नेहमीची जोडणी.) आकडे बघून मी खूश झाले. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये निळ्या चौकटीत 100 टक्के 'गुड' असंही दाखवलं.

आता कळलं ते सांगते, नीट वाचा. ती चाचणी आपण काही बदललं नाही तर फक्त 1 जीबीची असते. अगदी भिकार एसएसडीलासुद्धा सुरुवातीचा थोडा भाग वेगाने लिहिता येतो, त्याला कॅश म्हणतात. त्यामुळे 1 जीबीला आकडे छानच येतात. चाचणीचा आकार 32 किंवा 64 जीबी करा आणि मग बघा. आणि ते 100 टक्के 'गुड' ती डिस्क स्वतःबद्दल स्वतःच सांगत असते. आतलं फर्मवेअर, म्हणजे डिस्क चालवणारा प्रोग्राम, बदललेलं असेल तर ती काहीही सांगेल.

चार दिवसांत कॉम्प्युटर पहिल्यापेक्षा मंद झाला. इनडिझाइनमध्ये (पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये) फाइल सेव्ह केली की पांढरा पडदा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के, आणि वेग बघावा तर एक-दोन एमबी. दुकानात फोन केला तर म्हणाला, केबल खराब असेल, रॅम कमी पडत असेल. 1 सप्टेंबरला तोच मुलगा परत आला. सॅटा केबल 150, 8 जीबी जुनी डीडीआर-3 रॅम 1,600, यायचे 400. दोन दिवस बरं वाटलं. घरात गणपतीची तयारी चालली होती, मी कामालाच बसले नव्हते, म्हणून बरं वाटलं असणार.

12 सप्टेंबरला तिसरी फेरी. आता म्हणाला, विंडोज नव्याने टाकावं लागेल, 700. आणि जुनी हार्डडिस्क अजून जोडलेली आहे, तीच सगळ्याला मागे ओढते आहे, तिच्यावरचा सगळा डेटा नवीनवर घेऊ आणि ती काढून टाकू. डी ड्राइव्हवर माझं 140 जीबी काम होतं. कॉपी सुरू झाली आणि मी शेजारी खुर्चीवर बसून बघत होते. हिरवा आलेख आधी वर, शंभरच्या आसपास. तीन-चार मिनिटांत तो कड्यावरून दगड सुटावा तसा खाली आला. 60. 31. मग 24-25 वर जो बसला तो हललाच नाही. दीड तासाच्या वर चाललं ते.

मी विचारलं, "अरे, हे एवढं कमी कसं?" तो म्हणाला, "काकू, कॅश भरली की सगळ्यांचंच होतं." आणि हे अर्धं खरं आहे! स्वस्त एसएसडीचा वेग कॅश भरल्यावर खरोखर पडतो. म्हणून तर मी फसले. माझ्या भाच्याने नंतर एकच प्रश्न विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं: "मावशी, तुझी दहा वर्षं जुनी फिरणारी हार्डडिस्कसुद्धा शंभरच्या आसपास देते. नवीन एसएसडी तिच्या चौथ्या हिश्श्याने चालते, हे तुला खटकलं नाही?" खटकलं होतं. पण मी टेक्निशियन नाही, समोरचा टेक्निशियन म्हणून आला होता, आणि डॉक्टर सांगतो ते आपण ऐकतो तसं मी ऐकलं. यात माझा काय मोठा गुन्हा झाला, ते मला अजून कळत नाही.

जाताना तो जुनी हार्डडिस्क घेऊन गेला. "एक्स्चेंजमध्ये 300 कमी करतो," म्हणाला. मी दिली.

19 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी होऊन दोन दिवस झाले होते, दिवाळी अंकाची फाइल उघडेना. दुसरी उघडली, तीही नाही. फोल्डर जागेवर, नावं जागेवर, आकार बरोबर, आणि आत काहीच नाही. काही फाइली उघडत होत्या, काही नाही. 148 पानांच्या अंकाची 96 पानं लावून झाली होती. पेनड्राइव्हवर जुलैपर्यंतचं चालू काम होतं, त्यातून 31 पानं निघाली. बाकी 65 पानं प्रूफच्या कागदांवरून पुन्हा टाइप करून घेतली, एका मुलीला 5,500 रुपये देऊन. जुनी पुस्तकं, पत्रिका, अहवाल यांचा बहुतेक भाग गेला तो गेलाच.

भाचा पुण्याहून आला. त्याने आधी सरळ गोष्टी तपासल्या. बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) एएचसीआय आहे का, ट्रिम चालू आहे का (एसएसडी नीट चालायला हे दोन्ही लागतं), डिस्क कुठल्या पोर्टला आहे. आमच्या मदरबोर्डवर चार पोर्ट, त्यातले दोन जुन्या सॅटा-2 चे. बहुतेक केबल बदलताना डिस्क चुकून त्यातल्या एकाला जोडली गेली होती. मला क्षणभर आशा वाटली. पण सॅटा-2 सुद्धा अडीचशेच्या वर देतं, 24 चं कारण ते होऊच शकत नाही. मग त्याने बॉक्सवरचा, डिस्कच्या स्टिकरवरचा आणि सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा सिरियल नंबर ताडून पाहिला. बॉक्स आणि स्टिकर एक, आतला भलताच. हे बघायला दोन मिनिटं लागतात. दुकानातच, पैसे द्यायच्या आधी बघा.

मग जे वाचत होतं ते काढून घेतलं, डिस्क रिकामी केली आणि एच2टेस्टडब्ल्यू लावलं. एका जर्मन कॉम्प्युटर मासिकाने बनवलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते सगळी जागा खरोखर भरून पुन्हा वाचून बघतं. रात्री नऊला लावलेलं दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. 117 जीबी ठीक, बाकी 814 जीबी 'डेटा लॉस्ट'. (1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 दिसते, ते बरोबर असतं, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका.) म्हणजे 128 जीबीची डिस्क, जिला 1 टीबी आहे असं खोटं बोलायला शिकवलेलं. खरी जागा संपली की पुढचं सगळं ती "हो हो, लिहिलं" म्हणून घेते आणि टाकून देते. रिकव्हरीवाल्यानेही पैसे घेतले नाहीत. जे लिहिलंच गेलं नाही ते कुठून काढणार, म्हणाला.

डिस्क उघडली. आत बोटाच्या दोन पेरांएवढा हिरवा तुकडा. लहान बोर्ड चांगल्या एसएसडीतही असतो, त्यावरून काही ठरत नाही. पण त्यावरच्या दोन्ही चिपांवरचं छापील नाव घासून काढलेलं होतं, प्रकाशात धरल्यावर ओरखडे दिसत होते, आणि कडेला जुना डाख (सोल्डर) लावल्याचा चिकट पिवळा डाग. कुठल्या तरी टाकून दिलेल्या वस्तूतून उपटलेल्या चिपा माझ्या कामाखाली ठेवल्या होत्या.

त्या दुकानदाराने फोन उचलणं बंद केलं. मी गेले तर काउंटरवर दुसराच माणूस, "आम्ही महिन्यापूर्वीच जागा घेतली." ज्या कंपनीचं नाव बॉक्सवर, तिच्या सेवा केंद्राने नंबर टाकून बघितला, "हा आमचा माल नाही," आणि डिस्क माझ्या हातात परत. तुमच्या नावाने बाजारात खोटा माल विकला जातो आहे, तुम्ही तक्रार करा ना! तर म्हणे, हेड ऑफिसला मेल करा. मेल केला. उत्तर नाही.

पोलीस ठाण्यात तीनदा गेले. पहिल्यांदा, साहेब बंदोबस्तात आहेत. दुसऱ्यांदा, "दुकान मुंबईत, तिकडच्या हद्दीत जा." तिसऱ्यांदा मी भाच्याने काढून दिलेला कागद नेला होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173, गुन्हा कुठल्याही हद्दीत झालेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. ठाणे अंमलदारांनी कागद वाचलासुद्धा नाही. "मॅडम, सात हजारांसाठी कोर्टात फिराल का? आणि पैसे तुम्हीच दिले ना?" हो, मीच दिले! फसवणुकीत पैसे देणारा स्वतःच देतो, नाहीतर तिला चोरी म्हटलं असतं. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत 318 कलम आहे ते मग कुणासाठी आहे? अडीच तास बाकावर बसवून शेवटी साधा अर्ज घेतला. पोच मागितली तर "कशाला लागते?" पोच घेतल्याशिवाय उठू नका, मी उठले नाही. त्या शिक्क्याच्या पुढे आजवर एक फोन आलेला नाही. सायबरवाल्यांनी सांगितलं, व्यवहार दुकानात झाला, हे सायबर नव्हे. दुकान म्हणतं आम्ही नव्हे, कंपनी म्हणते माल आमचा नव्हे, पोलीस म्हणतात हद्द आमची नव्हे. मग माझं कोण?

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. तिथे मी तक्रार टाकते आहे. बिल नाही म्हणून सगळे हसले, पण यूपीआयची नोंद आहे, व्हॉट्सअॅपवरचं त्याचं बोलणं आहे, तो वहीचा कागद आहे. तुमचं असं काही झालं तर चॅट उडवू नका, डिस्क रागाने फेकू नका. पैसे ऑनलाइन उकळले असतील तर 1930 ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) लगेच फोन करा, दुसऱ्या दिवशीवर टाकू नका. बिलावर जीएसटी नंबर असेल तर तोही तपासा: 15 अक्षरं, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव फुकटात दिसतं. नवीन एसएसडी मी घराजवळच्या दुकानातून 6,290 ला घेतली, पक्क्या बिलावर, आणि पहिले दोन दिवस तिच्यावर काहीही न ठेवता नुसती तपासली. दुकानदार वैतागला. वैतागू दे.

जुनी डिस्क मात्र परत मिळाली नाही, आणि झोप त्या डिस्कने उडवली आहे. 300 रुपयांत मी ती दिली तेव्हा डी ड्राइव्हवर गिऱ्हाइकांची आधार कार्डं होती, पॅन कार्डं होती, फॉर्म भरायला दिलेले फोटो, सह्या, एका बाईंच्या घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा. नुसतं डिलीट करून ते जात नाही, आणि मी तर डिलीटही केलं नव्हतं. म्हणून वही काढून एकेकाला फोन करते आहे, की तुमचे कागद माझ्याकडून बाहेर गेलेत, बँकेच्या मेसेजवर लक्ष ठेवा. काही जण समजून घेतात. एका जुन्या गिऱ्हाइकाने काही न बोलता फोन ठेवला. 61 नावं होती, त्यातली 44 झाली. उरलेल्या 17 जणांना या आठवड्यात करायचे आहेत.