ओपनएससीएडीतले पॅरामीटर सेट: पॅटर्न शॉपमधला अनुभव

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या पॅटर्न शॉपमध्ये लहान पॅटर्न (ओतकामाचा साचा बनवायला लागणारे नमुने) हल्ली थ्रीडी प्रिंट होतात आणि त्यांचं डिझाइन ओपनएससीएडीत, म्हणजे कोड लिहून थ्रीडी आकार बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्यातल्या कस्टमायझरमधले (मापं भरायच्या पॅनेलमधले) पॅरामीटर सेट, म्हणजे नाव देऊन साठवलेले मापांचे संच, गेले कित्येक महिने रोज वापरतोय. एकच आकार बऱ्याच मापांत करून द्यावा लागणाऱ्याने हे शिकून घ्यावंच.

आमच्याकडे धातू बदलला की पॅटर्न बदलतो. ३०० मिमीची फ्लँज ग्रे आयर्नमध्ये ओतायची तर साधारण १ टक्का श्रिंकेज (थंड होताना धातूचं आकसणं) धरून पॅटर्न ३०३ चा, स्टीलमध्ये २ टक्के धरून ३०६ चा. मशिनिंग अलाउन्स (मशिनिंगसाठी ठेवलेला जादा धातू) आणि ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार) पार्टीगणिक वेगळे, ते निराळंच. प्रत्येकासाठी स्क्रिप्टची कॉपी काढली की एक फिलेट (कोपऱ्याची गोलाई) सुधारायला सगळ्या फाइली उघडाव्या लागतात.

आता स्क्रिप्ट एकच. मापं सगळ्यात वर, पहिल्या मोड्यूलच्या (आकाराचा कोड असलेल्या तुकड्याच्या) आधी. श्रिंकेजच्या ओळीपुढे कॉमेंटमध्ये [0:0.1:3] लिहिलं की स्लायडर येतो. पॅटर्नचा व्यास मात्र सूत्राने काढलेला, आणि सूत्राची ओळ कस्टमायझरमध्ये दिसत नाही. त्यामुळे कामावरचा नवीन पोरगासुद्धा बिनधास्त मापं भरतो, हिशेबाला त्याचा हात लागत नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

सेट स्क्रिप्टशेजारच्या जेसन (.json) फाइलीत साठतात. साधा मजकूर असल्याने कुठला आकडा बदलला ते गिटमध्ये (फाइलींमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात) लगेच कळतं. कमांड लाइनवर लहान पी (-p) पुढे ती फाइल, मोठ्या पी (-P) पुढे सेटचं नाव दिलं की एसटीएल (थ्रीडी प्रिंटसाठीची मॉडेल फाइल) तयार. रात्री लूप लावून जायचं, सकाळी सगळे पॅटर्न स्लाइस करायला (प्रिंटरसाठी थरांत विभागायला) हजर. २०२१.०१ आवृत्तीत हे सगळं व्यवस्थित चालतं. मिन्कोव्स्की ही कमांड वापरून कडा गोल करत असाल तर मॅनिफोल्ड (आकारांची गणितं करणारं वेगवान इंजिन) असलेली डेव्हलपमेंट आवृत्ती घ्या, वेगात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. इन्क्लूड केलेल्या (स्क्रिप्टमध्ये जोडून घेतलेल्या) फाइलीतली मापं कस्टमायझरमध्ये येत नाहीत. एक सेट दुसऱ्यावर बेतता येत नाही, प्रत्येकात सगळे आकडे पुन्हा असतात. स्टीलच्या सगळ्या कामांचा अलाउन्स बदलायचा झाला तर प्रत्येक सेटमध्ये बदला. आम्ही त्यासाठी छोटी पायथन स्क्रिप्ट ठेवलीय.

आणि खरा धोका नावांचा. स्क्रिप्टमध्ये पॅरामीटरचं नाव बदललं की जेसनमधलं जुनं नाव गुपचूप दुर्लक्षित होतं, स्क्रिप्टमधला मूळ आकडा लागतो आणि इशारा काहीच मिळत नाही. श्रिंकेजचं असं झालं तर पॅटर्न दिसायला अगदी बरोबर आणि कास्टिंग मापात कमी. त्यावर उपाय सोपा आहे: स्क्रिप्टमध्ये श्रिंकेज शून्य ठेवायचं आणि खाली असर्ट (अट तपासणारी ओळ) लावायचा, की ते शून्यापेक्षा जास्त हवंच. नाव जुळलं नाही तर रेंडर तिथेच एरर देऊन थांबतो, एसटीएल बाहेर पडतच नाही.