स्टेनलेस स्टीलवर बसणाऱ्या जीवाणूंची चाहूल देणारा प्रोब : दीड वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमच्या कारखान्यातील कूलिंग वॉटरची 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची लाइन बसवून जेमतेम नऊ महिने झाले असताना एका वेल्डच्या कडेला पाणी झिरपू लागले. तो तुकडा कापून पाहिला तेव्हा वेल्डच्या पोटात बोराच्या बीएवढी पोकळी निघाली. तिचे आतले तोंड मात्र सुईच्या नेढ्याएवढेच होते आणि त्यावर तांबूस गाठ बसलेली होती. दाबाची चाचणी झाल्यावर बोअरवेलचे पाणी काढून न टाकता सहा आठवडे लाइनमध्येच साचू दिल्याचे मागाहून कळले. जीवाणूजन्य गंजाचे हे अगदी ठरीव रूप आहे. त्यानंतर, काहीशा घाईने, विद्युत-रासायनिक पद्धतीने जीवाणूंचा थर ओळखणारा प्रोब आम्ही विकत घेतला. नऊ महिन्यांत गळणारी लाइन पाहिलेल्यांना खरेदीचा प्रस्ताव पटवून देणे फारसे अवघड गेले नाही.

या उपकरणात एकाच प्रतीच्या स्टीलच्या चकत्यांचे दोन गट असतात. रोज थोडा वेळ त्यांच्यामध्ये ठरावीक विद्युतदाब दिला जातो, उरलेल्या वेळी तो बंद असतो, आणि दोन्ही अवस्थांतील विद्युतप्रवाहाची नोंद होत राहते. चकत्यांवर जीवाणूंचा बुळबुळीत थर बसू लागला की हा प्रवाह आधीच्या पातळीपासून ढळतो. शिवाय आमच्या संचात स्टीलचे विभव (म्हणजे पाण्यात त्याची विद्युत पातळी) मोजण्यासाठी सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोडही आहे (त्याची स्वतःची पातळी स्थिर असते, म्हणून तुलना करता येते), आणि माझ्या मते खरी किंमत त्याचीच आहे. गोड्या पाण्यातील काही जीवाणू पाण्यात विरघळलेल्या मँगनीजचे ऑक्साइड करून ते धातूवर बसवतात, त्यामुळे स्टीलचे विभव काही शे मिलिव्होल्टने वर चढते. पाण्यात क्लोराइड असेल, तर ज्या विभवाला स्टीलला गंजापासून वाचवणारे क्रोमियम ऑक्साइडचे जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचे कवच फुटून खड्डे पडू लागतात, त्याच्या जवळ ते जाऊन पोहोचते.

पहिले चार महिने मात्र आलेख सपाट राहिला आणि आम्ही निर्धास्त झालो. पुरवठादाराच्या माणसाने प्रोब मुख्य हेडरवर (ज्यातून बाकीच्या लाइन फुटतात त्या मोठ्या पाइपवर) बसवला होता, कारण तेथे सॉकेट तयार होते. त्या जागी पाणी इतक्या वेगाने धावते की थर सहजासहजी टिकत नाही. आमच्या गळत्या होत होत्या त्या बंद फांद्यांमध्ये आणि स्टँडबाय पंपाच्या लाइनमध्ये, म्हणजे जेथे पाणी दिवसचे दिवस हलत नाही. आम्ही स्वतः एक संथ बायपास काढून प्रोब तेथे हलवला, आणि बारा दिवसांत विभव सुमारे 300 मिलिव्होल्टने चढले. उघडून पाहिले तर चकत्यांवर काळपट तपकिरी थर होता. जागा निवडण्याबाबत पुस्तिकेत दोनच ओळी आहेत, ही या उत्पादनाची सर्वांत मोठी उणीव मी मानतो.

दुसरी तक्रार सॉफ्टवेअरची आहे. ध्रुवीकरण रोध (विभव किंचित बदलले की प्रवाह किती बदलतो यावरून काढलेला रोध) मोजून ते गंजाचा वेग ‘दर वर्षी इतके मायक्रॉन’ असा पडद्यावर दाखवते. हे गणित संपूर्ण पृष्ठभाग सारखा झिजतो असे धरून केलेले असते. स्टेनलेस स्टील झिजत नाही, त्याला भोक पडते, आणि ज्या दिवशी भोक पडत असते त्या दिवशीही हा आकडा निर्धास्त करणाराच असू शकतो. आम्ही तो रकाना शिफ्टच्या अहवालातून काढून टाकला.

जीवाणू मारण्यासाठी क्लोरीनचा डोस दिल्यावर स्वच्छ स्टीलचेही विभव वर जाते, हेही लक्षात ठेवावे लागते. सुरुवातीला दर डोसनंतर धोक्याची सूचना वाजायची आणि ऑपरेटर आणखी क्लोरीन सोडायचे. आता उरलेले क्लोरीन शून्याजवळ आल्यानंतरचीच नोंद आम्ही ग्राह्य धरतो.

तरीही हा प्रोब मी घ्याच म्हणेन. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर पाण्यात तरंगणारे जीवाणू मोजले जातात, धातूला चिकटलेले नव्हे. कूपन (पाण्यात टांगून ठेवलेला त्याच धातूचा चाचणी-तुकडा) तीन महिन्यांनी काढले तर तोवर झालेले नुकसान समजते, ते कधी सुरू झाले ते समजत नाही. प्रोबमुळे बायोसाइडचा (जीवाणूनाशक रसायनाचा) डोस कॅलेंडर पाहून न देता थर बसू लागताच देता येतो, आणि डोस लागू पडला की नाही हेही आलेख उतरताना दिसते. भोक नेमके कोठे पडणार, हे तो सांगत नाही. त्यासाठी वेल्डची रेडिओग्राफी करावीच लागते.

ज्यांना एवढा खर्च झेपत नसेल त्यांनी निदान एक संदर्भ इलेक्ट्रोड आणि चांगला डिजिटल मल्टिमीटर घेऊन रोज एकाच वेळी विभव लिहून ठेवावे. आमच्या दुसऱ्या युनिटमध्ये सध्या तेवढेच चालू आहे, आणि स्टँडबाय पंपाचे पाणी आठवड्यातून दोनदा फिरवायला आम्ही त्या वहीवरूनच सुरुवात केली.